डिशवॉशरमधून भांडी ओलीच निघतात, या तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय आज सकाळी वाचला आणि दुपारी पुन्हा एकदा शांतपणे वाचला. तुम्ही एक स्टार दिला आहे. भांडी स्वच्छ निघतात पण ओली निघतात, म्हणून तुम्ही आम्हाला बोलावलंत. आमचा टेक्निशियन आला, रिन्स एड (भांड्यांवरून पाणी घसरून जावं म्हणून शेवटच्या खळबळीत सुटणारं द्रव) भरलं, "सगळ्याच मशीनचं असं असतं, फडक्यानं पुसून घ्या" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू झालं. तुम्ही फोन करून हीटर बदला म्हणालात, तर "हीटर चांगला आहे" एवढंच उत्तर मिळालं.

तुमच्या कामाची जॉब शीट काढून पाहिली. "रिन्स एड भरलं, मशीन चालू" एवढे पाच शब्द आहेत तिच्यावर. शेवटच्या खळबळीच्या पाण्याचं तापमान लिहिलेलं नाही, आणि तुम्ही रोज कोणता प्रोग्रॅम लावता हे विचारल्याचीही नोंद नाही. भांडी ओली राहण्याच्या तक्रारीत सगळ्यात आधी बघायच्या गोष्टी याच. तापमान न मोजता हीटर चांगला आहे असं सांगणं म्हणजे अंदाज झाला, आणि अंदाजाचे पैसे घेणं मला मान्य नाही. तुमचा व्हिजिट चार्ज परत करतो आहे. पुसून घ्या हे तर बोलायलाच नको होतं. भांडी पुसायची असती तर तुम्ही मशीन कशाला घेतलं असतं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

तुमच्या मॉडेलमध्ये गरम हवा सोडणारा पंखा नाही. काही मशीनमध्ये असतो, काहींमध्ये प्रोग्रॅम संपताना दार आपोआप थोडं उघडतं, काहींमध्ये ओलावा शोषून उष्णता सोडणारं झिओलाइट नावाचं खनिज बसवलेलं असतं. तुमच्या मशीनमध्ये यातलं काहीही नाही. त्यात भांडी वाळतात ती त्यांच्या स्वतःच्या उष्णतेवर. शेवटची खळबळ गरम पाण्याची असते, तिच्यात भांडी चांगली तापतात. पाणी निघून गेल्यावर भांड्याला चिकटलेल्या थेंबांची त्याच उष्णतेनं वाफ होते. आतल्या स्टीलच्या भिंती भांड्यांपेक्षा लवकर थंड होतात, म्हणून वाफ तिथे जाऊन पुन्हा पाणी होते आणि ओघळून खाली जाते. दार उघडल्यावर भिंती ओल्या आणि प्लेटा कोरड्या दिसल्या, तर मशीननं आपलं काम केलं असं समजायचं.

म्हणजे भांडं जितकं तापेल आणि ती उष्णता जितका वेळ धरून ठेवेल, तितकं ते वाळेल. जाड चिनी मातीची प्लेट, काचेचा बाऊल यांना हे जमतं. प्लास्टिकच्या डब्याला जमत नाही. तो हलका असतो, उष्णता धरत नाही, आणि त्याच्यावर पाणी पसरण्याऐवजी थेंब थेंब होऊन बसतं. "प्लास्टिकचे डबे तर थबथबलेले असतात" असं तुम्ही लिहिलंत, आणि ते खरंच आहे. पण तो तुमच्या मशीनचा बिघाड नाही. नवा हीटर बसवला तरी डबे ओलेच राहतील. तुम्हाला हे आवडणार नाही याची कल्पना आहे, तरीही स्पष्ट सांगतो. हीटर बदलून बिल लावणं आम्हाला सोपं होतं; महिन्याभरात तुम्ही पुन्हा हीच तक्रार केली असती, आणि ती रास्त असती. काचेच्या आणि मातीच्या प्लेटाही ओल्या निघत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. तेच आम्हाला शोधायचं आहे.

तुमच्याच अभिप्रायात एक वाक्य आहे, ज्याच्याकडे आमच्या माणसानं लक्ष द्यायला हवं होतं: "रात्री झोपताना लावते, सकाळी उघडते, इतके तास जाऊनही ओलंच." इतके तास दार बंद राहतं, हेच माझ्या मते निम्मं कारण आहे. आतली वाफ बाहेर जात नाही. रात्रभरात सगळंच थंड होत जातं, मग वाफ भिंतींवर तशी भांड्यांवरही बसते. वाळत आलेल्या प्लेटा पुन्हा दमट होतात. प्रोग्रॅम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दार वीतभर उघडं ठेवलं, तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल. संपल्या संपल्या मात्र पूर्ण उघडू नका. तेव्हा वाफेचा लोट निघतो आणि वरच्या ओट्याची किंवा कपाटाची कड लाकडी असेल तर ती फुगते. रात्री जागणं शक्य नसेल, तर उशिरा सुरू होण्याची वेळ लावून ठेवा, म्हणजे प्रोग्रॅम पहाटे, तुमच्या उठण्याच्या सुमाराला संपेल.

प्रोग्रॅमबद्दलही बोलायला हवं. इको प्रोग्रॅम वीज वाचवतो तो पाणी कमी तापवून आणि जास्त वेळ चालून. शेवटची खळबळ त्यात कमी गरम असते, त्यामुळे वाळणंही कमी होतं. अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रॅममध्ये वाळवण्याचा टप्पा नावापुरता असतो किंवा नसतोच. गरम प्रोग्रॅममध्ये हे शेवटचं पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. तुमच्या पॅनलवर जादा वाळवणीचं बटण असेल तर ते लावून बघा. ते ही खळबळ अधिक गरम करतं किंवा वाळवण्याचा वेळ वाढवतं. वीज थोडी जास्त लागते, हेही सांगून ठेवतो.

आता रिन्स एड. टेक्निशियननं ते भरलं ते बरोबरच केलं, पण काम अर्धवट सोडलं. ते औषध नाही आणि साबणही नाही. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करतं. त्यामुळे पाण्याचे थेंब न बनता पातळ थर होतो आणि भांड्यावरून घसरून जातो. जितकं पाणी घसरून जाईल तितकं वाळवायला कमी उरतं. पण कप्पा भरला म्हणजे झालं असं नाही, किती सोडायचं याचा आकडाही असतो. तो अगदी खालच्या पायरीवर असेल तर भरलेल्या कप्प्याचा उपयोग होत नाही. एकेक पायरी वाढवत जा. काचेवर निळसर चकाकी किंवा चिकट रेघा दिसल्या तर एक पायरी मागे या. तुम्ही ऑल-इन-वन टॅब्लेट वापरत असाल, तर तिच्यात थोडं रिन्स एड असतं, पण त्याचं प्रमाण आपल्या हातात राहत नाही. शिवाय काही मशीनमध्ये टॅब्लेटचं सेटिंग चालू असलं की कप्प्यातलं रिन्स एड कमी सोडलं जातं किंवा सोडलंच जात नाही. तुमच्याकडे हे सेटिंग चालू आहे का, ते आम्ही येऊन बघू. कुणी त्या कप्प्यात व्हिनेगर भरायला सांगितलं तर भरू नका. त्यानं पृष्ठताण फारसा कमी होत नाही, आणि आम्ल रोज लागलं तर रबरी सील खराब होतात.

किरकोळ वाटतील अशा दोन गोष्टी. कपांच्या बुडाला खोलगट भाग असतो, त्यात पाणी साठतं. कप थोडे तिरके लावा. आणि रिकामं करताना आधी खालचा रॅक काढा. वरचा आधी ओढला की ते साठलेलं पाणी खालच्या वाळलेल्या प्लेटांवर सांडतं, आणि मग सगळंच ओलं निघालं असं वाटतं. फिल्टरखाली थोडं पाणी कायम असतं, ते सील सुकू नये म्हणून. पण फिल्टरच्या वर पाणी तुंबलेलं दिसलं तर लगेच कळवा.

राहिला हीटर. आम्ही येईपर्यंत तुम्हालाही एक चाचणी करता येईल. एकदा सगळ्यात गरम प्रोग्रॅम लावा आणि संपताक्षणी दार बोटभर उघडा. वाफ यायला हवी, आणि मधली जाड प्लेट हातात धरवणार नाही इतकी गरम हवी. हात जपून लावा. प्लेट नुसती कोमट असेल, तर तुमचा संशय खरा असू शकतो. मग आम्ही हीटर, त्याला चालू-बंद करणारा रिले आणि तापमानाचा सेन्सर तिन्ही तपासू, कारण चांगल्या हीटरला सेन्सरनं लवकर थांबवलं तरी परिणाम हाच होतो. पाणी जड असेल आणि ते मऊ करण्यासाठी लागणाऱ्या मिठाचा कप्पा रिकामा असेल, तर क्षारांचा थर साचण्याचीही शक्यता असते.

टेक्निशियनशी मी बोललो आहे. आमच्या जॉब शीटवर आता ग्राहक लावतो तो प्रोग्रॅम आणि शेवटच्या खळबळीचं तापमान असे दोन रकाने छापले आहेत. ते भरल्याशिवाय ओल्या भांड्यांची तक्रार बंद होणार नाही आणि बिलही होणार नाही.

तुमच्याकडे या वेळी मी स्वतः येतो आहे, थर्मामीटर घेऊन. या फेरीचे पैसे घेणार नाही. मोजमापात हीटर खराब निघाला तर बदलू, आणि तुम्ही पहिल्यापासून बरोबर होतात हे याच जागी लिहीन. तुमची एक मदत लागेल. त्या दिवशी भांडी आधीच भरून ठेवा, पण रोज लावता तशीच लावा, आमच्यासाठी वेगळी नको. डबेही असू द्या. मशीन मात्र मी आल्यावरच सुरू करू.