स्क्रीनशॉटने फोटो एचडी होत नाही, आणि ते ॲप तर मुळीच टाकू नका

‘टॅबवरून टाकलेला फोटो ब्लर होतो? कंपन्या टॅबवाल्यांचे फोटो मुद्दाम खराब करतात!’ अशी सुरुवात असलेला मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले उपाय असे: फोटो उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि तोच टाका, डीपीआय ७२ चा ३०० करा, फोटो आधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा, रात्री बारानंतर अपलोड करा, लेन्स पुसा, आणि शेवटी खालच्या लिंकवरून ‘एचडी’ करणारं ॲप घ्या. आता तो गिरगावात आमच्या वहिनींपर्यंत पोचलाय. फराळाच्या ऑर्डरी त्या टॅबवरूनच घेतात आणि त्या लिंकवर बोट ठेवायचंच बाकी होतं. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

आधी त्या ॲपचं. बाकीच्या उपायांनी फार तर फोटो बिघडेल, याने बँकेतलं खातं रिकामं होऊ शकतं. लिंक प्ले स्टोअरवर नेत नाही, थेट एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) उतरवते आणि ‘अननोन ॲप्स’ना परवानगी द्यायला लावते. लग्नपत्रिका आणि आरटीओ चलानाच्या नावाने एपीके पाठवून लोकांना लुटलं जातं, ती हीच पद्धत. असं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे ओटीपी त्याच्या हातात. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिलीत तर स्क्रीनवर दिसणारं सगळं ते वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. फोटो स्पष्ट करायला फोटो लागतो, एसएमएस कशाला लागतील?

कुणी टाकलं असेलच तर आधी वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपची ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढा, डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत ते दिसलं तर तिथूनही काढा, आणि मगच अनइन्स्टॉल करा. हा क्रम चुकला तर पुष्कळदा ते निघतच नाही. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

आता स्क्रीनशॉट. यातला सगळ्यात उलटा सल्ला हाच, आणि लोक तो सगळ्यात जास्त पाळतात. साध्या टॅबचा मागचा कॅमेरा बहुधा ८ मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे ३२६४ बाय २४४८, सुमारे ८० लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके). त्याच टॅबची स्क्रीन समजा १२८० बाय ८०० आहे. टॅब आडवा ठेवून त्यात उभा फोटो उघडला की फोटोला उंचीला ८०० मिळतात आणि रुंदीला फक्त ६००. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या कापून उरले ४ लाख ८० हजार पिक्सेल. टॅब उभा धरला तरी रुंदी ८०० च्या वर जात नाही. स्क्रीनशॉट म्हणजे स्क्रीनची नक्कल, फोटोची नव्हे. स्क्रीनवर जेवढे पिक्सेल दिसले तेवढेच त्यात येतात. फोटो स्पष्ट करणारा कितीही महागडा एन्हान्सर वापरा, गेलेला तपशील परत येत नाही. तो अंदाजाने भरलेला असतो, आणि चकलीवर नसलेले काटे उमटतात.

कंपन्या टॅबवाल्यांना वेगळं वागवतात, हा दावा तर इन्स्टाग्रामचं स्वतःचं मदतपान वाचलं तरी गळून पडतो. ३२० ते १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो, त्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण त्यांच्या मर्यादेत असेल तर, मूळ रिझोल्यूशनमध्ये ठेवला जातो. त्याहून रुंद असेल तर १०८० वर आणला जातो. ३२० हून लहान असेल तर ताणला जातो. नियम रुंदीला आहे, यंत्राला नाही. मघाचा ६०० चा स्क्रीनशॉट त्यामुळे ६०० चाच राहतो आणि बघणाऱ्याच्या मोठ्या स्क्रीनवर ताणून दिसतो. ब्लर तिथून येतो.

टॅबवाल्यांची तक्रार अगदीच खोटी नाही, एवढं मान्य करावं लागेल. १०८० रुंदीचा फोटो फोनवर ठसठशीत दिसतो. तोच १० इंची टॅबवर मोठा करून पाहिला की मऊ वाटतो. शिवाय फोटो पूर्ण उतरेपर्यंत आधी हलकी प्रत दिसते, आणि लोकलमधल्या नेटवर ती बराच वेळ तशीच राहते. पोस्ट काढून टाकण्याआधी ती एकदा फोनवर, चांगल्या नेटवर बघा.

डीपीआय हा छपाईचा आकडा आहे. इंचात किती ठिपके छापायचे ते प्रिंटरला सांगतो. ३००० बाय ४००० चा फोटो ७२ वरही तेवढाच आणि ३०० वरही तेवढाच. रात्री बाराचं तर सोडूनच द्या, सर्व्हरचा नियम घड्याळ बघून बदलत नाही.

व्हॉट्सॲपचा वळसा मात्र दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० वर येते. उभ्या फोटोची रुंदी १२०० उरते, म्हणजे इन्स्टाग्रामला पुरेशी. पण फाइल जेपेगमध्ये, म्हणजे तपशील गाळून फोटो लहान करणाऱ्या पद्धतीने, दाबली गेलेली असते आणि इन्स्टाग्राम ती पुन्हा दाबतं. फोनवरून टॅबवर फोटो घ्यायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. एचडीचं बटण २०२३ पासून आहे, पण तिथेही थोडं दाबणं होतंच.

लेन्सचं खरं आहे. तेलाच्या बोटांनी धरलेल्या टॅबची लेन्स सुती कपड्याने पुसायलाच हवी. पण गॅलरीत मोठा करून पाहिल्यावर फोटो मुळातच हललेला असेल, तर अपलोडची कुठलीही सेटिंग कामाची नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली टॅबचा लहान सेन्सर शटर जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि एवढं मोठं यंत्र हातात हलतंच. डब्यांच्या चळतीला टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा, खिडकीच्या उजेडात काढा. झूम करू नका, जवळ जा: ८ मेगापिक्सेलवर चौपट झूम केला की आडव्या फोटोचीही खरी रुंदी ८१६ च उरते.

मग मूळ फोटो गॅलरीतच ४:५ मध्ये क्रॉप करा. रुंदी १०८० च्या खाली जाऊ देऊ नका. १०८० बाय १३५० नेमका बसतो. फेसबुकला २०४८ पर्यंत चालतं. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये डेटा आणि मीडिया क्वालिटीखाली ‘अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी’ चालू करा आणि कमी डेटा वापरायचा पर्याय बंद.

फोटोवर दर लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. पिवळ्यावर लाल अक्षरं टाकू नका. अपलोड होताना दाबल्या जाणाऱ्या जेपेगमध्ये उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा साठवला जातो, रंग मात्र चार पिक्सेलना मिळून एकच. लाल अक्षरांच्या कडा त्यामुळे पसरतात आणि ‘४५०’ चा ‘५’ वाचता येत नाही. गडद पट्टीवर पांढरी, जाड अक्षरं ठेवा.