केस कॉम्पिटिशन जिंकायचीय? मग गोडाऊनकडे फिरकू नका

गेल्या शनिवारी मी परीक्षक होतो. पुण्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात 'रिटेलमधलं करिअर आणि सप्लाय चेन स्ट्रॅटेजी' अशी आंतरमहाविद्यालयीन केस कॉम्पिटिशन होती, म्हणजे कंपनीची एक अडचण (केस) द्यायची आणि मुलांच्या टीमनी उपाय सुचवायचा. वीसेक वर्षं भिवंडीच्या गोडाऊनांत धूळ खाल्लीय, म्हणून बोलावलं असावं. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप आणि काचेचं मानचिन्ह घेऊन घरी आलो, तेव्हापासून डोकं ठणकतंय. असो. पुढच्या वर्षी तुम्ही किंवा तुमची मुलं अशा स्पर्धेत उतरणार असाल, तर जिंकायचे हमखास उपाय सांगतो. सगळे डोळ्यांदेखत लागू पडलेले आहेत.

टीमच्या नावाच्या शेवटी 'एक्स' घाला. निम्मं काम तिथेच होतं.

केस वाचून दुकानात जाऊ नका. दुकानात गेलं की प्रश्न पडतात, आणि दहा मिनिटांच्या प्रेझेंटेशनमध्ये प्रश्नांना जागा नसते. या वेळची केस साबण-बिस्किटं विकणाऱ्या कंपनीची होती. शहरात माल संपतो, तालुक्याला पडून राहतो, उपाय सुचवा. सोळा टीम होत्या. पंधरांच्या उपायात एआय होताच. कोणाचा एआय, त्याला खायला काय घालणार, हे विचारलं की पुढची स्लाइड येते.

तिसऱ्या स्लाइडवर डबेवाला हवाच. पांढरी टोपी, सायकल, मागे लोकल. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली त्यांच्यावर केस स्टडी केली एवढं सांगून पुढे सरका. डब्यावरच्या खुणा कशा वाचतात, रिकामा डबा संध्याकाळच्या आत त्याच घरी कसा पोचतो, असलं विचारणारा परीक्षक कटकट्या समजावा. (मीच विचारलं. उत्तर आलं, "सर, ते आमच्या स्कोपमध्ये नाही.")

टोमॅटोला ब्लॉकचेन लावा.

मधला दलाल काढून टाका. डावीकडे हसरा शेतकरी, उजवीकडे हसरी गृहिणी, मधल्या माणसावर लाल फुली. लासलगावात ट्रॅक्टर लिलावाला उभा राहिला की बोली कोण लावतो, पैसे कोण मोजतो, उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत चार-पाच महिने राहिला की वजनातली घट कोणाच्या माथी बसते, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी येऊन लिलाव बंद पडले तेव्हा तुमचं ॲप काय करणार होतं, हे सगळं त्या फुलीखाली झाकता येतं. म्हणून फुली जरा मोठीच काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचा उपाय. 'बुलव्हिप इफेक्ट' हा शब्द दोनदा तरी आलाच पाहिजे, मात्र त्याचं कारण शोधायला जाऊ नका. एमआयटीच्या जे फॉरेस्टरने साठहून जास्त वर्षांपूर्वी हे दुखणं मांडलं. गिऱ्हाइकाची मागणी जरा हलते आणि कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर तिची लाट होते. पी अँड जी कंपनीच्या डायपरचं उदाहरण पुस्तकात असतं. बाळं रोज सारखीच ओली होतात, तरी वरच्या ऑर्डरी हेलकावे खातात. एवढं पाठ करा आणि थांबा.

एक टीम थांबली नाही. सोलापूर जिल्ह्यातला एक मुलगा, घरचं किराणा दुकान. त्याने वडिलांची खरेदीची वही आणली होती, अकरा महिन्यांची. दर महिन्याला पंचवीस तारखेनंतर सेल्समन येतो. "काका, चार पेट्या जास्त घ्या, टार्गेट राहिलंय, स्कीम पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करतो." काका घेतात, कारण एक्स्पायरीचा माल परत न्यायचा की नाही हे त्याच सेल्समनच्या हातात असतं. डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनातही तेव्हाच माल कोंबला जातो. महिना संपताना कंपनीच्या कॉम्प्युटरवर आलेख आभाळाला भिडतो. मग दहा-बारा तारखेपर्यंत काका नवी ऑर्डर देत नाहीत, की आलेख जमिनीवर. तालुक्यात साबण खपला असं कंपनी समजते आणि पुढचा माल तिकडेच धाडते. तिथे पेट्यांवर पेट्या चढतात आणि इकडे शहरातलं शेल्फ रिकामं. अरे, हीच तर तुमची केस! त्याने उत्तरही दिलं होतं: टार्गेट महिन्याऐवजी आठवड्याचं करा, आणि विक्री मोजायची ती दुकानातून गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलेली मोजा. खर्च जवळजवळ शून्य. पंधरा एआयवाले ज्या आकड्यांवर अंदाज बांधणार होते, ते आकडेच मुळात पंचवीस तारखेनंतर फुगवलेले आहेत, हे एकवीस-बावीस वर्षांच्या पोराने वहीच्या पानावर बोट ठेवून दाखवलं.

तो पहिल्याच फेरीत बाद. स्लाइडचा फॉन्ट आयोजकांच्या टेम्प्लेटमधला नव्हता आणि वहीचे फोटो 'प्रोफेशनल' दिसत नव्हते. कंपनीकडून आलेले परीक्षक म्हणाले, "छान आहे, पण हे एका दुकानाचं झालं." मी भांडलो. मग लक्षात आलं, त्यांचं स्वतःचं टार्गेटही महिन्याचंच असणार.

पहिला नंबर ड्रोनला. भिवंडीजवळच्या माणकोली नाक्यावर कंटेनरची रांग हलत नाही, तर तिच्यावरून ड्रोन उडवायचा. बिस्किटांचा. टाळ्या.

करिअरबद्दलही एक उपाय आहे. बक्षीस म्हणून कंपनीची मुलाखत मिळेल आणि सुरुवातीचं पोस्टिंग भिवंडीला किंवा एखाद्या स्टोअरच्या फ्लोअरवर असेल, तर तोंड वाकडं करून विचारा, "हेड ऑफिसला काही नाही का?" विजेत्यांनी हेच विचारलं.

निघताना तो सोलापूरवाला पार्किंगमध्ये दिसला. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळत होता. मला म्हणाला, "सर, फॉन्ट कोणता चालला असता?"

काय सांगू त्याला?

प्राध्यापकहो, लाज वाटू द्या थोडी. दोन वर्षांची लाखांत फी घेता आणि गुलटेकडीचं मार्केट यार्ड एकदाही दाखवत नाही? पहाटे तिथे गाड्या रिकाम्या होताना पोरांना तासभर उभं केलं असतं, तर एकाने तरी दलालावर फुली मारताना हात आखडला असता. तुम्हाला स्पर्धा हवी ती कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीत फोटो लावायला. कंपनीवाल्यांनो, पोरांकडून फुकटात डोकं वापरून घेता, आणि एक पोरगं खरी जखम दाखवतं तेव्हा त्याला फॉन्ट शिकवता. विजेत्यांनो, तुम्ही हुशार आहात, बोलता छान. पण ट्रकमधून पेटी कधी उतरवली आहे? कोपऱ्यावरच्या वाण्याला एकदा तरी विचारलंत, काका, माल कधी येतो?

आणि मी. भांडलो वगैरे ठीक, पण शेवटी त्या गुणपत्रिकेवर माझीही सही आहे. ग्रुप फोटोत मी ड्रोनवाल्यांच्या मागे उभा आहे, शाल पांघरून, दात काढून.