कोरफड लावली म्हणून औषध अडलं? फायब्रोमायल्जियाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा वर्षानुवर्षं चालणारा आजार. तो असणाऱ्यांच्या ग्रुप्समध्ये एक लांबलचक मेसेज सारखा फिरत असतो, तुमच्याकडेही आला असेल. नसेल आला तर थोडक्यात सांगते. या आजाराचं मूळ म्हणे किडनीत आहे, फॉस्फेट नीट बाहेर पडत नाही आणि स्नायूंत साठतं म्हणून अंग दुखतं. कफाचं जुनं औषध ग्वायफेनेसिन रोज घेतलं की ते निघून जातं. फक्त वनस्पतींमधलं सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातकुळीतलं रसायन) अंगाला लागता कामा नये, त्यामुळे कोरफडीचं जेल, बाम, हर्बल शाम्पू, पुदिन्याची टूथपेस्ट, जडीबुटीच्या गोळ्या सगळं बंद, कारण कणभर सॅलिसिलेटनेही औषध अडतं. जेवणातलं मात्र चालतं. आधी दुखणं वाढेल, घाबरू नका, म्हणजे औषध लागू पडतंय. आणि तरीही गुण आला नाही तर कुठेतरी सॅलिसिलेट शिल्लक आहे, शोधा.

हे कुणी व्हॉट्सॲपवर बसून रचलेलं नाही हे आधीच सांगते. लॉस एंजेलिसकडचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) डॉ. आर. पॉल सेंट अमांड यांची ही थिअरी. त्यांच्याच सांगण्यानुसार १९५९ मध्ये गाऊटचं (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याच्या आजाराचं) औषध घेणाऱ्या एका पेशंटने त्यांना सांगितलं की दातांवरचं टार्टर (कॅल्शियम-फॉस्फेटचा कडक थर) आपोआप सुटतंय, आणि तिथून त्यांचा विचार सुरू झाला. आधी प्रोबेनेसिडसारखी गाऊटची औषधं वापरली, मग ग्वायफेनेसिनवर आले. माणूस मनापासून काम करणारा होता याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण मनापासून मांडलेली थिअरीसुद्धा तपासावी लागतेच ना.

आता पहिला दावा, फॉस्फेट साठतं. फायब्रोमायल्जियात रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या नॉर्मल येतात, त्यामुळेच तर निम्म्या नातेवाइकांना वाटतं ही नाटकं करतेय. साठलेलं फॉस्फेट दाखवायला मेसेजमध्ये जो पुरावा देतात तो म्हणजे हाताने चाचपून अंगावरच्या गाठींचा काढलेला नकाशा. चाचपणाऱ्याला माहीत असतं की पेशंट औषधावर आहे, पेशंटलाही माहीत असतं, मग गाठी कमी लागल्या तर नवल काय. आज या आजाराकडे मेंदू आणि मज्जारज्जूत वेदनेचे सिग्नल जास्त जोरात वाजतात असं बघतात, आणि त्याचा अर्थ वेदना खोटी असा अजिबात नाही.

दुसरा दावा, सॅलिसिलेट औषध अडवतं. इथे थोडं थांबायला हवं कारण यात खरं काहीतरी आहे आणि त्यामुळेच शिकलेली माणसंही फसतात. ॲस्पिरिन आणि प्रोबेनेसिड एकत्र घेऊ नका असं खरंच सांगतात, सॅलिसिलेटमुळे प्रोबेनेसिडचं युरिक ॲसिड बाहेर काढायचं काम मंदावतं. ग्वायफेनेसिनही युरिक ॲसिड किंचित कमी करतं हे सत्तरच्या दशकापासून माहीत आहे. पण हा सगळा मामला युरिक ॲसिडचा, फॉस्फेटचा नाही, आणि शिवाय डोसचा. गाऊटच्या पेशंट्सवर झालेला २००० सालचा एक छोटा अभ्यास आहे, त्यात प्रोबेनेसिड चालू असताना रोज ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं तरी लक्षणीय फरक पडला नाही. तीनशे पंचवीस मिलिग्रॅम, पोटातून, रोज! आणि आपण रेझरच्या पट्टीवरच्या कोरफडीला घाबरायचं. हो, रेझरची पट्टीसुद्धा त्या यादीत आहे, आणि बागकाम करताना हातमोजे घाला असंही सांगतात, झाडांचा रस हाताला लागू नये म्हणून.

आणि हे हातमोजे प्रकरण धरून तिसऱ्या दाव्याकडे येऊ, जो मला सगळ्यात गमतीदार वाटतो. जेवणातलं चालतं. म्हणजे आपल्याकडच्या बाईने मेथीची जुडी हातमोजे घालून निवडायची आणि मग तीच मेथी लसणीची फोडणी देऊन पोटभर खायची. कारण असं देतात की जेवणातलं सॅलिसिलेट लिव्हर ग्लायसिनला (शरीरातल्या एका साध्या अमिनो ॲसिडला) जोडून निकामी करतं. ठीक, पण ॲस्पिरिनपासून बनणाऱ्या सॅलिसिलेटचाही मोठा भाग लिव्हर तसाच ग्लायसिनला जोडून लघवीतून बाहेर टाकतं, आणि त्वचेतून रक्तात गेलेलं सॅलिसिलेटही फिरून त्याच लिव्हरमधून जातं. तोंडाने गेलेल्याला वेगळा कायदा आणि कातडीतून गेलेल्याला वेगळा, असं शरीर करत नाही.

बरं, जेवणातलं सगळं लिव्हरमध्येच संपतं हेही खरं नाही. स्कॉटलंडच्या संशोधकांनी २००६ मध्ये मसाल्यांमधलं सॅलिसिलिक ॲसिड मोजलं होतं, जिरं, हळद, तिखट यांत ते भरपूर निघालं, मसालेदार जेवणानंतर रक्तातही वाढलेलं दिसलं, आणि दक्षिण भारतातल्या खेड्यांतल्या लोकांच्या रक्तात पाश्चात्त्य लोकांपेक्षा जास्त सापडलं. म्हणजे कणभराने औषध बंद पडत असेल तर आपल्या कोल्हापुरी, मालवणी, खानदेशी जेवणावर वाढलेल्या कुणालाच हे औषध कधी लागू पडू नये. पुढे त्याच मंडळींनी २००८ मध्ये दाखवलं की माणसाचं शरीर स्वतःच बेंझोइक ॲसिडपासून थोडं सॅलिसिलिक ॲसिड बनवतं, उपाशी राहिलात तरी रक्तात ते असतंच. शून्य सॅलिसिलेट ही अवस्थाच नाही हो, मग कपाट रिकामं करून काय मिळवणार.

चौथा, आधी दुखणं वाढेल म्हणजे औषध काम करतंय. याला ते सायकल म्हणतात. हा आजार मुळातच चढउतारांचा, चार दिवस बरे मग पाऊस आला की आठवडा आडवं, हे कुठलंही औषध न घेताही होतं. दुखणं वाढलं तर औषध लागू, कमी झालं तरी औषध लागू, काहीच झालं नाही तर सॅलिसिलेट. यात औषध नापास होण्याची एकही वाट ठेवलेली नाही, आणि नापास होतो तो पेशंट. मला राग येतो तो इथे. आधीच थकलेली बाई, ती रात्री लिपस्टिकच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसते, नवऱ्याच्या आफ्टरशेव्हवर संशय घेते, आणि सहा महिन्यांनी बरं वाटलं नाही की स्वतःलाच दोष देते, माझंच कुठेतरी चुकलं.

औषधाची खरी परीक्षा झाली का? झाली. ओरेगनच्या डॉ. रॉबर्ट बेनेट यांनी ४० बायकांवर वर्षभर ट्रायल घेतली, काहींना ग्वायफेनेसिन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या, कुणाला काय मिळतंय ते कुणालाच माहीत नाही. १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले, दोन्ही गटांत फरक नाही, फॉस्फेट आणि युरिक ॲसिडच्या आकड्यांतही नाही. त्यावर उत्तर काय आलं असेल ओळखा, त्या बायकांनी सॅलिसिलेट नीट टाळलं नव्हतं! ट्रायल छोटी होती हे मान्य, परिषदेतल्या सारांशापलीकडे फारसं छापून आलं नाही हेही मान्य. मग सॅलिसिलेट टाळून मोठी ट्रायल घेऊन दाखवणं हे दावा करणाऱ्यांचं काम, पेशंटचं नाही.

"पण मला खरंच बरं वाटलं" असं म्हणणाऱ्या ताई असतातच, त्यांना मी खोटं पाडत नाही. साध्या गोळीवरही अनेकांना बरं वाटतं, सगळ्या ट्रायल्समध्ये दिसतं ते. मंजूर औषधांचंही काही फार भारी नाही, प्रीगॅबालिनने साध्या गोळीच्या वर शंभरात साधारण दहा जणांनाच मोठा आराम मिळतो. युरोपच्या तज्ज्ञांनी शिफारशी सुधारल्या तेव्हा ठाम शिफारस मिळाली ती एकाच गोष्टीला, व्यायामाला, तोही हळूहळू वाढवत. असं ऐकून कुणालाही फॉरवर्डच जास्त गोड वाटेल, समजू शकते.

सॅलिसिलेट टाळायची खरी ठिकाणं आहेतच. ॲस्पिरिनने दमा उसळतो त्यांनी ॲस्पिरिन टाळायचं. वॉरफरिन (रक्त पातळ करायचं औषध) चालू असेल तर मिथाइल सॅलिसिलेटवाले बाम अंगभर चोळू नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढल्याच्या केसेस आहेत. विंटरग्रीन तेल (बाममध्ये असतं ते मिथाइल सॅलिसिलेटचंच तेल) तर पोरांच्या हाताला लागूच देऊ नका, एक चमचा तेलात साधारण ७ ग्रॅम सॅलिसिलेट म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक ॲस्पिरिन गोळ्या. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन नको. यातल्या प्रत्येक ठिकाणी डोस खरा आहे.

आता शेवटचं, "साधं कफाचंच तर औषध, नुकसान काय". अमेरिकेत नुसत्या ग्वायफेनेसिनच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात. आपल्याकडे मेडिकलमधून बहुतेकदा जे हातात पडतं ते मिश्रणाचं सिरप, आणि त्यातलं एक नेहमीचं मिश्रण म्हणजे ५ मिलीमध्ये ग्वायफेनेसिन ५० मिलिग्रॅम, कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन ४ आणि दम्यात श्वासनळ्या मोकळ्या करणारं टर्ब्युटालिन १.२५ मिलिग्रॅम. फॉरवर्ड वाचून कुणी ६०० मिलिग्रॅमचा हिशोब लावला तर एका वेळी ६० मिली सिरप होतं आणि त्याबरोबर १५ मिलिग्रॅम टर्ब्युटालिन पोटात, जी मोठ्या माणसाची अख्ख्या दिवसाची कमाल मर्यादा आहे. दिवसातून दोनदा म्हणजे दुप्पट. हात थरथरणं, छातीत धडधड, झोप उडणं, पायात गोळे, आणि वाचणारीला वाटणार सायकल सुरू झाली, औषध लागू पडतंय. असं कुणी करत असेल तर आधी बाटलीवरचं लेबल वाचा आणि धडधड होत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा, बाटली सोबत घेऊन.