गठ्ठा मतांचा हिशोब

२०२४ च्या लोकसभा निकालानंतर गावाकडच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच पालुपद चालू होतं. संविधान बदलणार अशी आवई उठवली, दलितांनी गठ्ठ्यानं मतं टाकली आणि महायुती ४८ पैकी १७ जागांवर अडकली. ‘हे लोक स्वतःचं डोकं वापरतच नाहीत.’ अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात, मी राहतो तिथे, हेच वाक्य मी कृष्णवर्णीयांबद्दल ऐकत आलोय. बोलणारे बहुतेक रिपब्लिकन. त्यांत आपले काही मराठीही आले.

आमचे शेजारी निवृत्त पोस्टमन, चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचे मदतनीस. घरात बंदूक, गर्भपाताला विरोध, वाढत्या करांवर रोज कुरकुर. कागदावर पाहिलं तर पक्के रिपब्लिकन. मत मात्र आयुष्यभर डेमोक्रॅटिक पक्षाला. मुदतपूर्व मतदानाच्या काळात रविवारी चर्च सुटलं की हेच गृहस्थ म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसमध्ये बसवून मतदान केंद्रावर नेतात. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, “माझे विचार रिपब्लिकनांना पटतात हो. मी त्यांना पटतो का, ते विचारा.”

या उत्तरामागे बराच इतिहास आहे. लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी कृष्णवर्णीय मतदार कित्येक पिढ्या एकनिष्ठ होते. मंदीच्या काळात, १९३६ साली, ते मोठ्या संख्येनं डेमोक्रॅट रूझवेल्टकडे वळले. तरीही १९६० मध्ये त्यांची जवळजवळ एक तृतीयांश मतं रिपब्लिकन निक्सनला पडली. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन तेव्हा निक्सनचा प्रचार करत हिंडत होता. मग आला १९६४ चा नागरी हक्क कायदा. संसदेत बहुसंख्य रिपब्लिकनांनी त्याला पाठिंबा दिला. पण पक्षानं अध्यक्षपदासाठी उमेदवार निवडला तो कायद्याविरुद्ध मत देणारा बॅरी गोल्डवॉटर. पक्षाच्या त्या अधिवेशनातून रॉबिन्सन विटून परतला. गोल्डवॉटरनं स्वतःचं अ‍ॅरिझोना सोडून जिंकली ती फक्त खोल दक्षिणेतली पाच राज्यं, आणि तिथल्या गोऱ्या मतांची चटक पक्षाला पुढे सुटली नाही. ‘गुलामगिरीची पाठराखण करणारे तर डेमोक्रॅटच होते’ हा रिपब्लिकनांचा लाडका मुद्दा खरा आहे, पण त्याची गोष्ट १९६४ च्या अलीकडे येतच नाही.

इतकं लांब तरी कशाला जायचं? मतदान केंद्रापासून दीडशे फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला पाण्याची बाटली देणं २०२१ साली याच जॉर्जियात रिपब्लिकनांनी गुन्हा ठरवलं. डीकनच्या बसमधली माणसं त्याच रांगांत उभी राहतात. आता त्यांनी कोणतं डोकं वापरायचं?

म्हणून डेमोक्रॅट धुतल्या तांदळाचे ठरत नाहीत. मी की ट्रम्प हे ठरवता येत नसेल तर तुम्ही कृष्णवर्णीयच नाही, असं २०२० मध्ये बायडेन रेडिओवर बोलून गेले आणि नंतर सारवासारव करत बसले. मतदाराला दावणीला बांधलेलं समजल्याशिवाय असं तोंडून निघत नाही. त्याचं फळही मिळालं. २०२४ मध्ये ट्रम्पना कृष्णवर्णीयांची १३ ते १६ टक्के मतं मिळाल्याचे अंदाज आहेत, पुरुषांत तर त्याहून जास्त. डीकनचा भाचा त्यांतलाच. ट्रक चालवतो, महागाईनं पिचलाय. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मामानं त्याच्याशी वाद घातला, पण त्याला डोकं नाही असं काही म्हटलं नाही.

मला खुपतं ते आमच्याच मराठी मंडळातलं. इथे वंशभेदाला घाबरून डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे आमचे कितीतरी जण त्याला सावधपणा म्हणतात. महाराष्ट्रातल्या दलितानं तोच सावधपणा दाखवला की ती ‘व्होट बँक’. आणि रामदास आठवलेंसारखा नेता भाजपसोबत गेला की हेच लोक त्याला समंजस म्हणतात. १९५६ साली बाबासाहेब आंबेडकर गेल्यानंतर आपल्याकडच्या रिपब्लिकन पक्षाच्या राजकारणाची शकलं कोणी आणि कशी केली, त्यात काँग्रेसचा वाटा किती, हे मात्र कोणी विचारत नाही. पुढच्या गणेशोत्सवात हा विषय मी काढणार आहे. मोदकांच्या ताटावर भांडण झालं तरी चालेल.