रोबोटच्या पाठीवर मोटार

ज्या खेळण्याला एकच रूप असते, त्याचे परीक्षण कोणीही करावे. चेंडू उसळतो की नाही, भोवरा फिरतो की नाही, एवढे पाहिले की निकाल लागला. रूप बदलणाऱ्या रोबोटचे तसे नसते. उभा असताना तो रोबोट असतो, आडवा घडी घातला की मोटार होतो, आणि या दोहोंच्या मध्ये बराच काळ तो यांपैकी काहीच नसतो. परीक्षकाचे आयुष्य खर्ची पडते ते या तिसऱ्या अवस्थेत. “मामा, तुला बारकावे कळतात, तूच सांग ठेवायचा की परत करायचा,” असे म्हणून भाच्याने जेव्हा असा एक रोबोट माझ्या हवाली केला, तेव्हा या स्तुतीची किंमत माझे दोन्ही अंगठे मोजणार आहेत, हे त्याला ठाऊक असावे असा मला दाट संशय आहे.

रोबोटचे नाव हॉट रॉड. तो १९८६ सालच्या ‘द ट्रान्सफॉर्मर्स : द मूव्ही’ या ॲनिमेशनपटातला. हा उतावळा तरुण, सज्जन रोबोटांचा नेता ऑप्टिमस प्राइम आणि दुर्जनांचा म्होरक्या मेगाट्रॉन यांच्या झुंजीत नको तेव्हा मध्ये पडतो, त्यापायी ऑप्टिमसला प्राण गमवावे लागतात, आणि अखेरीस नेतेपद याच्याच गळ्यात पडते. लुडबुडीचे इतके भरघोस बक्षीस फार थोड्यांना मिळते. ऑप्टिमसच्या मृत्यूमागे कथेची निकड बेताची होती. १९८४ साली बाजारात आलेली जुनी खेळणी मागे सारून नव्यांसाठी दुकानातल्या फळ्या मोकळ्या करणे, ही निकड खरी होती. बालप्रेक्षक इतके हळहळले की पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणीच्या मालिकेत त्याला पुन्हा जिवंत करावे लागले.

ती जुनी खेळणीही मुळात त्या मालिकेसाठी घडवलेली नव्हती. तकारा या जपानी कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रोमॅन या संचांतले साचे घेऊन अमेरिकेच्या हॅस्ब्रोने त्यांना नवी नावे आणि नवी भांडणे दिली. तेथे खेळणे आधी होते आणि चित्र मागून आले, त्यामुळे चित्रकाराला समोरच्या वस्तूचा थोडाफार तरी धाक होता. चित्रपटासाठी कल्पिलेल्या नव्या पात्रांच्या वेळी हा धाक सुटला. त्यांतली आर्सी ही सडपातळ नायिका पडद्यावर लीलया मोटार होते, पण त्या काळच्या संचात तिचे खेळणे निघालेच नाही. एवढ्या बारीक कमरेत चार चाके आणि एक बॉनेट कुठे दडवायचे, याचे उत्तर पेन्सिलीला कोणी विचारले नव्हते.

पेन्सिलीची ही लबाडी समजून घेतल्याशिवाय परीक्षणाला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रपटात प्रचंड देहाचा मेगाट्रॉन क्षणात पिस्तूल होतो आणि त्याच्याच हाताखालचा स्टारस्क्रीम ते हातात धरून चालवतो. ॲस्ट्रोट्रेन हा दुसरा एक गडी अंतराळयान होऊन आपल्याएवढ्याच उंचीच्या साथीदारांची अख्खी पलटण पोटात घेऊन निघतो. संपूर्ण चित्रपटात वजनाचा प्रश्न गांभीर्याने उपस्थित होतो तो येथेच : भार झेपत नाही, काहीतरी बाहेर टाका, अशी तक्रार हा ॲस्ट्रोट्रेन करतो, आणि मग जखमींना, खुद्द मेगाट्रॉनलासुद्धा, अवकाशात लोटून देऊन तो प्रश्न निकालात काढला जातो. खेळण्याला ही सोय नाही. मोटारीत जेवढे प्लास्टिक आहे तेवढेच रोबोटमध्ये असले पाहिजे, आणि एखादा भाग काढून बाजूला ठेवावा लागला, तर संग्राहक मंडळी त्याला लांडीलबाडी समजतात. जमाखर्च दोन्ही बाजूंनी जुळलाच पाहिजे. आणि जो आकडा कुठेच बसत नाही, तो रोबोटच्या पाठीवर टाकला जातो.

हे पाठीवरचे गाठोडे म्हणजे या खेळण्याचे खरे चारित्र्य होय. समोरून पाहावे तर छातीवर ज्वाळा रंगवलेला, बाहूंवर धुराड्याच्या नळ्या मिरवणारा, छायाचित्रात शोभेल असा वीर. बाजूने पाहावे तर वनवासाला निघताना मोटारीचा मागचा भाग सोबत बांधून घेतलेला गृहस्थ. या भारामुळे तो मागे कलतो. टाचा नीट उघडल्या नाहीत तर सरळ उताणा पडतो. म्हणून मी पहिला नियम असा केला की, परीक्षण समोरून, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी करावे. भाच्याचे म्हणणे असे की फळीवर ठेवल्यावर तो फक्त समोरूनच दिसणार आहे. या न्यायाने पाहिले तर पुष्कळांचे चारित्र्य निष्कलंक ठरेल.

रंगाचा निर्णय करताना मात्र माझी मती गुंग झाली. हॉट रॉड लाल आहे असे मी लिहिले, तेव्हा भाच्याने चित्रपट एका चित्रावर थांबवून तो राणी रंगाकडे झुकतो असे दाखवले. मी दुसऱ्या प्रसंगावर थांबवून तो तांबूस दाखवला. प्रकाश, सावली आणि पडद्याची मांडणी यांप्रमाणे तो बदलत होता. हा वाद आमच्या सौभाग्यवतींपुढे गेला. त्यांनी रोबोट खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला आणि “अहो, हा तर सरळ सरळ किरमिजी आहे,” असा निकाल देऊन, साडीखरेदीच्या अनुभवापुढे चित्रपटाचे पुरावे टिकत नाहीत हे सिद्ध केले. मी टिपणात ‘रंग चित्रपटानुरूप’ एवढेच लिहिले. कोणत्या प्रसंगानुरूप, ते गाळले.

यानंतर रूपांतर. सोबतच्या कागदावर शब्द एकही नसतो, चित्रे आणि बाणच असतात. प्रत्येक चित्र ही एक पायरी, असे म्हणतात. वस्तुतः काही पायऱ्यांच्या पोटात दोन-दोन मजले दडलेले असतात. एका चित्रात रोबोटचे डोके जागेवर असते आणि बाण खांद्याकडे बोट दाखवत असतो. पुढच्या चित्रात डोके नाहीसे, छाती उलटी आणि पाय एकमेकांत अडकलेले. मधल्या काळात काय झाले याबद्दल कागद मौन पाळतो. मी पाय वळवले तर छप्पर बसेना, छप्पर बसवले तर एक चाक खाली आणि दुसरे अधांतरी. “मामा, जोर लावू नकोस, तो आपोआप बसतो,” असे भाचा सांगत होता, आणि त्याच्या हातात तो खरोखरच आपोआप बसत होता. पातळ पत्रे कडेला धरून वाकवले की प्लास्टिकवर पांढरट ओरखडा उमटतो आणि तो पुन्हा जात नाही. खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकमध्येच बिजागरी केलेली असेल तर ती तडकण्याची धास्ती त्याहून मोठी. त्यामुळे परीक्षकाने बळ वापरायचे, पण वापरले आहे हे प्लास्टिकला कळू द्यायचे नाही.

मोटार एकदाची झाली आणि फार देखणी झाली, हे कबूल केले पाहिजे. चारही चाके टेकली, ती फिरली, सांधे रेषेत आले, मागचा पंखा, म्हणजे स्पॉयलर, ऐटीत उभा राहिला. मग मी ती उलटी केली. पोटाखाली हात छातीशी घट्ट दुमडून आणि डोळे सताड उघडे ठेवून हॉट रॉड पडला होता. मोटार उलटी करून पाहू नये असा संग्राहकांत संकेत आहे, असे भाच्याने चिडून सांगितले. अर्थात, ज्याने केवळ समोरून पाहायला सांगितले होते, त्यानेच खालून पाहण्यास मनाई करावी, यात सुसंगती होती.

सांध्यांविषयी थोडक्यात सांगतो. दातेरी सांधे टकटक आवाज करत जागच्या जागी थांबतात, ते उत्तम. गोळी आणि वाटीचे सांधे कालांतराने सैल पडतात. मग संग्राहक त्या गोळीवर रंगहीन नेल पॉलिशचा पातळ थर देतात आणि तो पुरता वाळल्यावरच हात पुन्हा बसवतात. या हॉट रॉडचे गुडघे आणि कोपर भक्कम निघाले, कंबर फिरली, घोटा आडवा कलला. हा कोणत्या कारखान्यातला, ते सांगत नाही. असे रोबोट अनेक जण घडवतात आणि सगळ्यांनाच पाठ असते.

अखेर मी निकाल लिहून दिला : रोबोट म्हणून उत्तम, मोटार म्हणून त्याहून सरस, मधली अवस्था अनुत्तीर्ण, पाठीवरच्या ओझ्याबद्दल दोन गुण वजा, ठेवून घ्यावा. भाच्याने दोन गुणांविरुद्ध तत्काळ अपील केले. त्याने पुन्हा चित्रपट लावला, हॉट रॉड पाठमोरा होताच थांबवला, आणि त्याच्या खांद्यांमागे मोटारीचा तोच पिवळा पंखा बोटाने दाखवला. चित्रकाराने लपवण्याची लबाडी येथे केलेली नव्हती. पंख्यापुरता एक गुण मी परत दिला. उरलेल्या गाठोड्याचा पुरावा त्याने सादर करावा, तोवर दुसरा गुण मिळणार नाही.