हेतू कुठं आहे?

गोव्यातल्या आमच्या गावात तान्ही मुलं व्हाळाच्या काठी पुरायचे. मोठ्यांना अग्नी, तान्ह्यांना माती. माझ्या पाठचा भाऊ पाच महिन्यांचा होऊन गेला, तो तिथंच आहे. म्हणजे होता.

गेल्या वर्षी मे महिन्यात रस्ता रुंद करायला जेसीबी आला. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात चार चिरे आणि काळा पडलेला एक वाळा सापडला. हाडं कसली राहतात, आमची तांबडी माती सगळं खाते. वाळा कुणाचा, तेही कळायला मार्ग नाही. तीन घरच्या बायका येऊन हातात घेऊन बघून गेल्या. कंत्राटदाराच्या माणसानं हात जोडले, "आमकां कोणेंच सांगलें ना."

मी ठाण्यावर गेलो. हवालदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हेतू कुठं आहे?"

राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता. दफनाच्या जागेची विटंबना केली तर जुन्या दंड संहितेचं कलम 297 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 301 झालं. शिक्षा तीच, फार तर एक वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही. कणाही तोच: भावना दुखवायचा किंवा धर्माचा अपमान करायचा हेतू हवा, नाहीतर निदान भावना दुखावतील याची जाणीव हवी. म्हणजे राखण आहे ती आपल्या भावनांना. थडग्याला वेगळी नाही. 2017 च्या जुलैत कुडचड्याच्या सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, कबरींची तोडफोड झाली, तेव्हा सगळा गोवा हादरला होता. तसल्या प्रकाराला हे कलम बरोबर बसतं. बेफिकीर यंत्राला बसत नाही. शिवाय ती जागा दफनाची किंवा अंत्यविधीसाठी 'राखून ठेवलेली' आहे हे दाखवावं लागतं, आणि आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबाराच तो) फक्त 'खाजन व इतर' एवढंच आहे.

माणसाची प्रतिष्ठा मेल्यावर त्याच्या देहालाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच परमानंद कटारा खटल्यात म्हटलंय. मग माहीत नसताना खणणाऱ्यासाठीही काहीतरी नियम नको? तुरुंग नको हो, कुणालाच नको. खणण्याआधी पंचायतीला आणि आसपासच्या चार म्हाताऱ्यांना विचारायची सक्ती पुरे.

आणि हाडांची कदर करायला आपल्याला येत नाही असंही नाही. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये 2005 मध्ये हाडाचे अवशेष मिळाले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची डीएनए तपासणी झाली, जॉर्जियाची राणी केटेवान ठरली, आणि 2021 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अवशेषांचा एक भाग स्वतः तिबिलिसीला, जॉर्जियाच्या राजधानीत, नेऊन दिला. राणी 1624 मध्ये इराणात मारली गेली होती. चारशे वर्षांनी तिचं नाव तिला परत मिळालं, याचा मला खरंच आनंद आहे.

उताऱ्यावर नोंद व्हावी म्हणून मी ग्रामसभेत अर्ज दिलाय. सचिवांनी जागेचा नकाशा मागितला. आईला विचारून कागदावर काढतोय. तिला खूण आठवते ती एकच, किंदळीचं झाड. ते जेसीबीनं पहिल्याच दिवशी पाडलं.