भिगवणचे रोहित सायबेरियातून येत नाहीत
उजनी जलाशयाकाठच्या भिगवण, कुंभारगाव परिसरात दिसणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, सायबेरियातून येतात, असा संदेश दर हिवाळ्यात फिरतो; तो चुकीचा आहे. रोहितांची वीण सायबेरियात होत नाही. भारतात त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते, जेथे चिखलाचे उंचवटे रचून त्यांवर ते अंडी घालतात. १९४५ साली पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी तेथील प्रचंड वसाहतीची पाहणी केली होती. मंगोलिया आणि तिबेटच्या पठाराकडून हिमालय ओलांडून खरोखर येतो तो पट्टकादंब हा रानहंस (बार-हेडेड गूज), आणि त्याच्याकडे पर्यटकांचे फारसे लक्ष जात नाही, याची खंत वाटते. जलाशयाचे पाणी ओसरून उथळ दलदल उघडी पडू लागली की रोहित मोठ्या संख्येने उतरतात. म्हणून नोव्हेंबरात, पाणी अजून ओसरलेले नसताना, ते न दिसल्यास पक्षी दाखवायला नेणाऱ्या नावाड्याला दोष देऊ नये.